घरबसल्या शिक्षणालाही उंबरठा असतो

वेंगुर्ल्याला रेल्वे नाही. जवळची स्थानके कुडाळ आणि सावंतवाडी. तिथून पुढे एसटी किंवा रिक्षा. तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरून महाविद्यालयात जायचे तर आधी पाणंदीने मुख्य रस्त्यावर यायचे, गाडीची वाट पाहायची आणि गाडी आली की तिची उंच पायरी चढायची. पावसाळ्यात हेच सगळे छत्री सांभाळत. धडधाकट मुलांना त्याची सवय होते. चाकाच्या खुर्चीवर असलेल्या, दृष्टी नसलेल्या किंवा स्नायूंचा आजार असलेल्या मुलाची वाट मात्र बारावीनंतर या पायरीशीच अडू शकते.

म्हणून घरबसल्या पदवीचे आश्वासन सगळ्यांत मोठे कोणासाठी असेल, तर ते या मुलांसाठी. वेंगुर्ले मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येते आणि विद्यापीठ आहे पाचशे किलोमीटरच्या आसपास दूर. हे अंतर कमी करण्यासाठी महाराष्ट्रात पत्राद्वारे शिक्षण सुरू झाले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. २०१७ च्या जुलैत केंद्र सरकारने ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ सुरू केले. आता बहुतेक विद्यापीठांचे प्रवेश, व्याख्याने, टिपणे, स्वाध्याय आणि निकाल पडद्यावर आले आहेत. रस्ता, पायरी, जिना यांतले काहीच मध्ये उरले नाही, असे वाटावे अशी ही सोय आहे.

पण घरात आलेल्या या शिक्षणालाही उंबरठा आहे. तो फायलींत, बटनांत आणि परीक्षेच्या घड्याळात असतो, त्यामुळे ज्याला अडत नाही त्याला दिसत नाही.

‘मराठी’ ऐकू येते ‘ई-जे-के-बी-एच’

समजा, शिरोड्याची एक दृष्टिहीन विद्यार्थिनी आहे. तिच्याकडे साधा अँड्रॉइड फोन आहे. त्यात ‘टॉकबॅक’ ही सोय मुळातच असते; पडद्यावर बोट फिरवले की तिथे काय लिहिले आहे ते फोन बोलून सांगतो. संगणकासाठी असेच काम करणारी ‘एनव्हीडीए’ ही प्रणाली ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये लिहायला घेतली. ती आजही फुकट मिळते. अशा प्रणालीला स्क्रीन रीडर म्हणतात. या विद्यार्थिनीला वेगळे पुस्तक नको, वेगळा वर्ग नको. अक्षरे खरोखरची अक्षरे असली की तिचे काम भागते.

अडचण इथेच सुरू होते. तिने अर्थशास्त्राचे टिपण उघडले. ते छापील पाने स्कॅन करून बनवलेले आहे. डोळ्यांना त्यात शब्द दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते पानाचे छायाचित्र आहे. स्क्रीन रीडर छायाचित्र वाचत नाही. तो गप्प राहतो. तिने दुसरे टिपण उघडले. ते संगणकावर टाइप केलेले आहे, पण जुन्या ‘कृतिदेव’सारख्या फॉन्टमध्ये. अशा फॉन्टमध्ये आत साठवलेली असतात रोमन अक्षरे. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा मुखवटा चढवतो. पडद्यावर ‘मराठी’ दिसते, आत मात्र ‘ई, जे, के, बी, एच’ ही अक्षरे असतात. स्क्रीन रीडर मुखवटा पाहत नाही, आतले वाचतो. चाळीस पानांचे टिपण त्या मुलीला निव्वळ बरळणे म्हणून ऐकू येते.

याला उपाय शोधायचा बाकी आहे असेही नाही. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरी १९९१ पासून आहे. प्रत्येक अक्षराला त्यात स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे ‘म’ हा कोणत्याही फोनवर ‘म’च राहतो. तरीही छपाईच्या सवयीमुळे जुन्या फॉन्टमधले लेखन चालू राहते आणि तीच फाइल पुढे विद्यार्थ्यांसाठी चढवली जाते. इंग्रजी माध्यमाच्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला न येणारी ही अडचण मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यापुढे जास्तीची उभी राहते. सिंधुदुर्गातल्या मुलांच्या दृष्टीने ती दुय्यम नाही.

याच शिरोड्यात वि. स. खांडेकर १९२० पासून अठरा वर्षे शाळेत शिकवत होते. उतारवयात त्यांची दृष्टी गेली, तरी लेखनिकाला सांगून ते लिहीत राहिले. त्या काळी त्यासाठी रोज जवळ बसणारे, मन लावून लिहिणारे माणूस लागे. आज वाचून दाखवण्याचे आणि सांगितलेले उतरवून घेण्याचे बरेचसे काम खिशातला फोन करतो. पण फोनला लेखनिकासारखे समजून घेता येत नाही. त्याला दिलेला मजकूर नीट नसेल, तर त्याचा उपयोग शून्य.

एकाची सोय, अनेकांची वाट

उंबरठा फक्त अंधांपुरता नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार नोंदवले आहेत आणि त्यांतल्या अनेकांना पडद्यावर वेगवेगळ्या जागी ठेच लागते.

ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्याला व्याख्यानाच्या चित्रफितीत प्राध्यापकांचे हलणारे ओठ तेवढे दिसतात. सबटायटल असतील तर त्याला विषय कळतो. यंत्राने आपोआप तयार केलेली मराठी सबटायटल आता मिळू लागली आहेत, पण त्यांत चुका असतात आणि नेमके शास्त्रीय शब्द चुकतात. म्हणून ती माणसाने एकदा तपासावी लागतात. जन्मतः बहिऱ्या असलेल्या अनेकांची पहिली भाषा खुणांची असते, लिखित मराठी नंतर येते. त्यांच्यासाठी मुख्य व्याख्यानांना सांकेतिक भाषेची जोड लागते. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ पासून हे काम करते. त्याच्या शब्दकोशात दहा हजार शब्द झाले आहेत.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या किंवा हात थरथरणाऱ्या विद्यार्थ्याला माउसचा बाण बारीक बटनावर नेणे जमत नाही. त्याला सगळी कामे कीबोर्डच्या कळांनी करता यायला हवीत. दृष्टी अंधुक असलेल्याला फिकट करड्या रंगातली अक्षरे दिसत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजेडाचा फरक किमान ४.५ ला १ असावा, असे जागतिक निकष सांगतात. ‘लाल चौकटीतले प्रश्न सोडवा’ ही सूचना रंगांधळ्याला निरुपयोगी आहे. डिस्लेक्सिया असलेल्याला गिचमिड ओळींपेक्षा मोकळी मांडणी आणि सोबत ऐकण्याची सोय उपयोगी पडते.

परीक्षेत हे सगळे एकवटते. लॉगइन करताना चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखायला सांगणारा कॅप्चा येतो. त्याला ध्वनीचा पर्याय नसेल, तर अंध विद्यार्थी दारातच अडतो. लेखनिक घेण्यास पात्र असलेल्यांना तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ द्यावा, असे केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले होते. कागदावरच्या परीक्षेत पर्यवेक्षक घड्याळ पाहून तो वेळ देतो. ऑनलाइन परीक्षेत घड्याळ प्रणालीच्या हाती असते. कोणी आधी बदल करून ठेवला नसेल, तर साठाव्या मिनिटाला पडदा बंद होतो. कॅमेऱ्यातून नजर ठेवणाऱ्या प्रणालींचा प्रश्न आणखी नाजूक आहे. मान हलली, डोळे पडद्यावरून ढळले की त्या संशयाची नोंद करतात. ज्याचे डोळे आजारामुळेच स्थिर राहत नाहीत, त्याचे अपंगत्व तिथे कॉपी ठरू शकते.

शिवाय या सोयी फक्त दिव्यांगांच्या उपयोगाच्या नाहीत. स्कॅन केलेल्या पानांची फाइल जड असते. तोच मजकूर युनिकोडमध्ये त्याच्या कितीतरी पट हलका होतो. पावसात रेंज जाणाऱ्या वाडीवर हलकी फाइल उतरते, जड अडकते. सबटायटल असलेले व्याख्यान गजबजलेल्या घरात आवाज बंद ठेवून पाहता येते. आणि अपंगत्व जन्मतःच येते असे नाही. अपघाताने हात मोडतो, मधुमेहाने दृष्टी अधू होते, वयाने ऐकू कमी येते. आज ज्याला उंबरठा जाणवत नाही, त्याला तो उद्या जाणवू शकतो.

कायदा आहे, सक्तीही आली आहे

२०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले, लोकसंख्येच्या २.२१ टक्के, म्हणजे हजारात बावीस. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये उच्च शिक्षणात ४.१४ कोटी विद्यार्थी होते. त्यांत दिव्यांग ७९,०३५, म्हणजे हजारात जेमतेम दोन. दिव्यांगांत वयस्करांचे प्रमाण जास्त असते हे धरले, तरी दरी उरतेच. आदल्या वर्षी हा आकडा ९२,८३१ होता. म्हणजे करोनामुळे शिक्षण पडद्यावर गेले त्या वर्षी एकूण विद्यार्थी वाढले आणि दिव्यांग विद्यार्थी तेरा हजारांहून अधिक कमी झाले. या घटीला एकच कारण असेल असे म्हणता येणार नाही. पण घरबसल्या शिक्षणाने त्यांची वाट आपोआप सोपी झाली, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

कायद्यात उणीव नाही. २०१६ च्या कायद्याचे कलम ४२ सांगते, की ध्वनी, छपाई आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात असावा, याची सरकारने व्यवस्था करावी. कलम ४६ ने सरकारी आणि खासगी, सर्वच सेवा देणाऱ्यांना नियम लागू झाल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली. नियम जून २०१७ मध्ये निघाले. म्हणजे मुदत २०१९ मध्येच संपली. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे मानक संगणकीय सेवा कशा असाव्यात ते तपशिलाने सांगते.

तरीही पाने स्कॅनच होत राहतात, याचे एक कारण सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात दाखवून दिले. कायदा सक्तीचा, पण त्याखालच्या नियमातली मानके मात्र शिफारशीसारखी, अशी विसंगती होती. न्यायालयाने नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीची किमान मानके तीन महिन्यांत ठरवण्यास केंद्राला सांगितले. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. ते प्रकरण बँक आणि मोबाइलच्या केवायसीचे होते. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तीला पडद्यासमोर डोळे मिचकावून आपण जिवंत असल्याचे सिद्ध करायला सांगितले जाई. परीक्षेच्या कॅमेऱ्यालाही तोच तर्क लागू होतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी एखाद्या कार्यक्रमातले एका सत्राचे ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून पूर्ण करण्याची मुभा दिली. म्हणजे हा पदवीच्या गाभ्याचा प्रश्न झाला आहे. हौशी जोडअभ्यासक्रमाचे दार अडले तर विद्यार्थी दुसरीकडे जाईल. पदवीचेच श्रेयांक त्या दारापलीकडे असतील, तर त्याने कुठे जायचे?

‘एवढ्या थोड्यांसाठी एवढा खटाटोप?’

या मागणीवर घेतले जाणारे आक्षेप खोटे नाहीत. प्राध्यापकांवर आधीच प्रशासकीय कामांचा भार आहे. अनेक पदे रिकामी आहेत. ग्रामीण महाविद्यालयात संगणक जाणणारा एखाद-दुसराच असतो. वर्गात दिव्यांग विद्यार्थी कधी एक, कधी शून्य. त्यासाठी शेकडो जुन्या फायली कोणी बदलायच्या?

अमेरिकेत हा वाद टोकाला गेला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने हजारो व्याख्याने सर्वांसाठी फुकट ठेवली होती, पण त्यांतली बरीच बहिऱ्यांना वापरता येत नव्हती. न्याय विभागाने २०१६ मध्ये त्रुटी दाखवल्यावर विद्यापीठाने पुढच्या वर्षी वीस हजारांच्या आसपास ध्वनिचित्रफिती सार्वजनिक वापरातून काढून घेतल्या. एकासाठी दार रुंद करता येत नाही, म्हणून ते सगळ्यांसाठीच बंद. शेवटी २०२२ मध्ये विद्यापीठाला न्याय विभागाशी करार करून सुधारणा मान्य कराव्या लागल्या. हार्वर्ड आणि एमआयटी या संस्थांवर बहिऱ्यांच्या संघटनेने २०१५ मध्ये दावे लावले. २०१९ आणि २०२० मध्ये दोघींनी सबटायटल देण्याचे मान्य केले. या खटल्यांचा धडा साधा आहे. शेवटी घालाव्या लागलेल्या सबटायटल पहिल्या दिवशी घातल्या असत्या, तर इतकी वर्षे आणि इतका खर्च गेला नसता.

‘विद्यार्थीच नाहीत’ या आक्षेपाचे उत्तरही यातच आहे. होडी नसलेल्या खाडीवर पलीकडे जाणारे किती, हे मोजायला बसले तर आकडा शून्यच येणार. माणसे पैलतीरावर थांबलेली असतात, ती मोजणीत येत नाहीत.

तीन गोष्टी, तीन दारांशी

म्हणून सगळे जुने एकदम बदलण्याचा अट्टहास धरू नये. नवे काही चुकीचे आत येणार नाही, एवढे आधी पाहावे.

पहिली गोष्ट महाविद्यालयाच्या दाराशी. ठरलेल्या तारखेनंतर चढवले जाणारे प्रत्येक टिपण युनिकोडमध्ये, शीर्षके नीट दिलेले आणि चित्रांखाली एका ओळीचे वर्णन असलेले असावे. ते तपासायला तज्ज्ञ लागत नाही. प्राध्यापकांनी आपल्याच फोनवर टॉकबॅक चालू करावे, डोळे मिटावेत आणि पाच मिनिटे आपलेच टिपण ऐकावे. कुठे अडते ते कान सांगतात. ज्या जुन्या फायली दरवर्षी सर्वाधिक वापरल्या जातात, त्या आधी बदलाव्यात; बाकीच्या मागणी येईल तशा. एनएसएसच्या विद्यार्थ्यांना टंकलेखनाचे हे काम दिले, तर ते रस्ता झाडण्याइतकेच खरे श्रमदान ठरेल.

दुसरी गोष्ट विद्यापीठाच्या खरेदीच्या दाराशी. शिकवण्याची, परीक्षेची किंवा प्रवेशाची प्रणाली विकत घेताना ती मानकांत बसते, हे पुरवठादाराकडून निविदेतच लिहून घ्यावे. स्क्रीन रीडर वापरणारे आणि ऐकू न येणारे विद्यार्थी मानधन देऊन तपासणीला बसवावेत आणि त्यांनी ‘चालते’ म्हटल्याशिवाय शेवटचे बिल देऊ नये. बांधकाम पाहिल्याशिवाय कंत्राटदाराला पूर्ण पैसे दिले जात नाहीत. संगणकाच्या बांधकामाला वेगळा न्याय का?

तिसरी गोष्ट शासनाच्या दाराशी. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. या विभागाने आणि उच्च शिक्षण विभागाने मिळून दरवर्षी एक साधा तक्ता जाहीर करावा: कोणत्या विद्यापीठाचे किती अभ्यासक्रम स्क्रीन रीडरने शेवटपर्यंत पूर्ण करता येतात, किती व्याख्यानांना तपासलेली सबटायटल आहेत, जादा वेळाच्या किती मागण्या आल्या आणि किती पुऱ्या झाल्या. तक्ता लोकांपुढे आला की आपली जागा कुठे, हे प्रत्येक विद्यापीठ स्वतःहून पाहू लागेल.

पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत भारताने ही वाट आधी चालून दाखवली आहे. अंधांना वाचता येतील अशा प्रती बनवण्यास स्वामित्वहक्काची आडकाठी येऊ नये, म्हणून २०१३ मध्ये माराकेश करार झाला. त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झाले. पुस्तकांसाठी जे जमले, ते टिपणांसाठी आणि परीक्षेसाठी जमवणे त्याहून अवघड नाही.

कोकणातल्या जुन्या घरांना उंच उंबरठे असत, पावसाचे पाणी आणि सरपटणारे जीव आत येऊ नयेत म्हणून. त्यांना कारण होते. ऑनलाइन वर्गाच्या उंबरठ्याला तसे कारण नाही. कोणी मुद्दाम घातलेला तो नाही, केवळ कोणाच्या लक्षात आला नाही म्हणून राहिलेला आहे. शिरोड्याच्या त्या विद्यार्थिनीने पदवीसाठी कोणाकडे सवलत मागितलेली नाही. फाइल उघडल्यावर ‘मराठी’ हा शब्द ‘मराठी’ असाच ऐकू यावा, एवढेच तिचे म्हणणे असेल. पुढचा अभ्यास ती स्वतः करील.